दहा नंबर पडला

गाडी मिळाली का, गाडी मिळाली का, असं सकाळपासून आठ वेळा विचारलंत तुम्ही. सांगतो ना! पण नुसतं हो किंवा नाही सांगून टाकलं तर माझ्या अख्ख्या रविवारचं काय? तेव्हा आधी सगळं ऐकायचं. मध्ये कोणी बोलायचं नाही. आणि लंब्या, तू आत्तापासून दात काढू नकोस, अजून हसण्यासारखं काही घडलेलं नाही.

तर रविवार, दुपारचे दोन. बाबा घरी नाहीत. ते एका जुन्या मित्राचा पंखा दुरुस्त करायला गेलेत, येणार साडेपाचला. आणि बाबांचे साडेपाच म्हणजे साडेपाच, लोक त्यांच्यावर घड्याळं लावून घेतात. खाली पार्किंगमध्ये आमची गाडी उभी, आणि किल्ली फिरवली की नुसतं कट्‌ कट्‌ कट्‌. बाबा जाताना म्हणाले होते, "बॅटरीचं टर्मिनल सैल झालंय. आल्यावर बघतो." आता मी काय विचार केला, की हे काम आपणच उरकून ठेवायचं. बाबा येतील, किल्ली फिरवतील, गाडी घुर्रर करून सुरू होईल, बाबा खूश होतील आणि ते खूश असतानाच, अगदी त्याच सेकंदाला विचारायचं, "बाबा, शनिवारी मित्रांबरोबर गाडी नेऊ?" सांगा, या बेतात काही खोट आहे? एक नट. दहा नंबरचा एक पाना. दोन मिनिटांचं काम.

पण त्याआधी तुम्हाला आमची फळी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

बाबा एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. टूलरूम म्हणजे हत्यारांची लायब्ररी समजा. कामगार येतो, हत्यार मागतो, आणि त्या हत्याराच्या खिळ्याला स्वतःच्या नंबराचा पितळी बिल्ला लावून जातो. हत्यार परत आलं की बिल्ला परत. बाबांनी हीच पद्धत घरी आणली. मागच्या गॅलरीत भिंतभर पांढरी फळी, तिच्यावर प्रत्येक हत्याराची काळ्या रंगाने काढलेली आकृती. पक्कड जागेवर नसली तर पक्कडीचं भूत दिसतं तिथे. प्रत्येक हत्यारावर ठोकलेला नंबर. आणि बिल्ले. बाबा एक नंबर, आई दोन नंबर, मी तीन नंबर. बाबांना सहा बिल्ले, आईला दोन, मला एक. घरातल्या लोकशाहीची कल्पना आली असेल.

आणि सगळ्यात मोठा नियम. हत्यार हरवलं की बिल्ला खिळ्यावरच राहणार, आणि ज्याचा बिल्ला असा अडकला त्याला फळीवरची दुसरी कुठलीही वस्तू मिळणार नाही.

माझा बिल्ला अडकलाय. अडकला होता. सहावीत असल्यापासून. अकरा वर्षं!

झालं असं, की शाळेत पुठ्ठ्याची पवनचक्की करायची होती म्हणून मी सतरा नंबर घेतला. सतरा नंबर म्हणजे पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. रीतसर बिल्ला लावून घेतला आणि काम झाल्यावर परत आणून ठेवला. ठेवला होता रे! आजही शपथेवर सांगतो. फक्त बिल्ला काढायचा राहिला. आणि चार दिवसांनी बाबा बघतात तर सतरा नंबर गायब, आणि खिळ्यावर माझा तीन नंबर डोलतोय. मी रडलो, ओरडलो, जेवलो नाही. बाबा एकच वाक्य बोलले, "बिल्ला खोटं बोलत नाही."

तेव्हापासून माझी इज्जत त्या खिळ्याला टांगलेली. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले तर बाबा म्हणाले, "छान. आता सतरा नंबर कुठेय तेवढं सांग." नोकरी लागली तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तिथली हत्यारं तरी नीट सांभाळ." अरे, मी विम्याच्या ऑफिसात आहे! माझ्याकडे एक स्टेपलर आहे!

तर रविवारी दहा नंबर काढायचा म्हणजे बिल्ला हवा. मी आईकडे गेलो.

"आई, तुझा दोन नंबर दे ना."

"आणि हरवलंस म्हणजे? मग कुकरचं हँडल मी काय दातांनी आवळू?"

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

"तुझ्या बाबांनी दोन मिनिटांचं काम म्हणून बेसिन उघडलं होतं. तीन दिवस आपण बादलीत चुळा भरत होतो."

पण आई ती आई. दिला बिल्ला. मी तो दहा नंबरच्या खिळ्याला लावला, पाना घेतला आणि शीळ घालत खाली गेलो.

बॉनेट उघडलं. नट दिसला. पाना लावला. आणि माझी चूक अशी झाली, की मला तुमची आठवण आली. शनिवारची सकाळ, मी गाडी चालवतोय, लंब्या पाय दुमडून मागे बसलाय, खिडक्या उघड्या... आणि पाना सटकला. टण्ण. टिण. टुक.

मग काहीच नाही. तेच तर भयंकर! जमिनीवर पडल्याचा आवाज आलाच नाही. मी गाडीखाली आडवा होऊन बघितलं, खाली नाही. वरून बघितलं, वर नाही. पार त्रिशंकू झाला होता पाना.

मी हात घातला. आता इंजिन आणि बॅटरीच्या मध्ये जी फट असते ना, तिच्यात हात जातो. जातो एवढंच. कोपरापर्यंत गेला आणि घड्याळाच्या पट्ट्यात कसलीतरी पट्टी अडकली. ना आत, ना बाहेर. मी बॉनेटखाली डोकं घालून, एक पाय हवेत, अशा अवस्थेत हाक मारली, "आई!" चार मजल्यांच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. फक्त आई आली नाही, ती मिक्सर लावून बसली होती.

सगळ्यात आधी धावत आले ते दातवाले काका. दुसऱ्या मजल्यावर राहतात, निवृत्त दंतवैद्य आहेत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठलीही उघडी जागा दिसली की आत डोकावल्याशिवाय राहवत नाही.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"काका, हात अडकलाय."

"दुखतंय?"

"नाही, अडकलाय!"

"गार-गरम लागतं का?"

शेवटी आई आली भांड्यांचा साबण घेऊन. हात सुटला, घड्याळ हातात आलं, पण त्याचा पट्टा तुटून आत गेला. म्हणजे आता आत दोन वस्तू.

काकांच्या अंगात मात्र वीस वर्षं जुना उत्साह आला. वर जाऊन आले ते खिशात टॉर्च आणि हातात तो दांड्याचा छोटा आरसा घेऊन, जो ते तोंडात घालतात. आरसा फटीत घातला, एक डोळा मिटला. "हं... वरचा जबडा ठीक आहे. जरा घाण साचलीय. खालच्या जबड्यात, अगदी मागे... पिवळं काहीतरी दिसतंय."

"पाना चंदेरी आहे काका. ती वायर असेल."

"मग हे दुखणं जुनं आहे," काका म्हणाले, आणि अजून नीट बघायला म्हणून वाकले, आणि आरसा त्यांच्या हातातून सुटला. टिण. टुक.

तीन वस्तू.

"असं तीस वर्षांत कधी झालं नाही," काका पांढरे पडून म्हणाले. "पेशंटनी चावलाय आरसा, पण गिळला कधी नाही."

मग आईला सुचलं, की घरात बंद पडलेला स्पीकर आहे, त्याच्या मागे हा एवढा लोहचुंबक असतो. मी धावत जाऊन काढून आणला, आईने परकराची नाडी दिली, नाडीला चुंबक बांधला आणि मासे धरायला बसल्यासारखा गळ आत सोडला. आता मला सांगा, इंजिन कशाचं असतं? लोखंडाचं. दोन इंच खाली गेला आणि ठक्‌ करून चिकटला. ओढला, सुटला, दुसरीकडे चिकटला. पुन्हा ओढला. आई म्हणाली, "हळू, नाडी जुनी आहे." ती जुनी आहे हे मलाही त्याच क्षणी कळलं. ठण्ण.

चार वस्तू. वेळ तीन चाळीस. आणि त्या ठण्णकन झालेल्या आवाजाने, ज्यांनी येऊ नये असं वाटत होतं, तेच आले. बिल्डिंगचे सेक्रेटरी.

सेक्रेटरी म्हणजे उजव्या हाताच्या तर्जनीत सगळ्या बिल्डिंगच्या किल्ल्यांचा जुडगा. बोलताना तो गर्रगर्र फिरवायचा, ही सवय. नियम जितका कडक, तितका जुडगा जोरात.

"नियम बारा," ते लांबूनच म्हणाले. "पार्किंगमध्ये वाहनदुरुस्तीला सक्त मनाई. करायची असेल तर तीन दिवस आधी अर्ज."

"पण काका, पाना आत्ता पडला. तो पडणार आहे हे मला तीन दिवस आधी कसं कळणार?"

"म्हणूनच परवानगी सहसा कोणाला मिळत नाही."

"पण ही दुरुस्ती नाहीये. शोध आहे."

ते थांबले. जुडगाही थांबला. "शोध असेल तर हरवल्याची नोंद लागेल." गेले, आणि खरंच एक लांबलचक वही घेऊन आले. बॅटरीवर वही ठेवून लिहायला लागले.

"वस्तूचं नाव?"

"पाना, घड्याळाचा पट्टा, आरसा, लोहचुंबक."

"चार वस्तू, चार पानं. कुठे हरवल्या?"

"या गाडीत."

"गाडी कोणाची?"

"आमची."

"वस्तू कोणाच्या?"

"आमच्या."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमच्या वस्तू तुमच्या गाडीत आहेत. याला हरवणं म्हणत नाहीत. याला ठेवणं म्हणतात."

"आरसा माझा आहे," दातवाले काका म्हणाले.

"तुमचा अर्ज वेगळा करा."

माझं डोकं गरम झालं. मी म्हटलं, "अहो, एकदा आत वाकून तर बघा, काय परिस्थिती आहे!" आणि वहीत खरोखर एक रकाना होता, 'प्रत्यक्ष पाहणी' असा. तेव्हा सेक्रेटरी वाकले. वाकून म्हणाले, "नियम म्हणजे नियम..." आणि सवयीने बोट फिरलं.

छन्न.

गॅलरीतल्या माणसांनी शेंगा फोडणं थांबवलं. सेक्रेटरी स्वतःच्या रिकाम्या बोटाकडे बघत होते.

"त्यात पंपाच्या खोलीची किल्ली आहे," ते बारीक आवाजात म्हणाले. "पाच वाजता पंप सुरू केला नाही तर उद्या सकाळी कोणालाच पाणी नाही."

हे ऐकलं मात्र, चारही मजल्यांवरून एकदम सूचना सुरू झाल्या. गाडी उलटी करा. गाडी हलवा. गाडीवर पाणी ओता, पाणी आहे तोपर्यंत. मी अगदी आदराने विचारलं, "काका, नियम बाराचं काय करायचं?"

"बारा-अ लागू होतो. आणीबाणी."

"बारा-अ आहे?"

"आत्ताच झाला," असं म्हणून त्यांनी स्वतःच मेकॅनिकला फोन लावला.

मेकॅनिक आला तो इस्त्रीचा शर्ट, अत्तर, भांग. सासुरवाडीला निघाला होता बिचारा. हत्यारं गॅरेजमध्ये, गॅरेजची किल्ली पार्टनरकडे, पार्टनर गावाला. पण माणूस हुशार. वाकला, मान हलवली आणि म्हणाला, "इंजिनाला चिखल लागू नये म्हणून खालून प्लेट असते. सगळा माल तिच्यावर बसलाय. अकरा-बारा वर्षांत उघडलेली दिसत नाही. तुम्ही सर्व्हिसिंग कुठे करता?"

"बाबा स्वतः करतात. प्लेटला तेल सोडण्यापुरती खिडकी आहे, तिथूनच. बॉनेटला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत."

"असू दे. सहा बोल्ट आहेत. जॅक लावू, विटा लावू, प्लेट खाली घेऊ. दोन मिनिटांचं काम." हे शब्द ऐकून आई आणि मी, दोघंही दचकलो. "फक्त दहा नंबर द्या."

आईने माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे.

"दहा नंबर द्या की. बोल्ट दहा नंबरचे आहेत."

मी बोटाने इंजिनाकडे दाखवलं.

मेकॅनिकने माझ्याकडे असं बघितलं, जसं दातवाले काका पेशंटच्या किडलेल्या दाढेकडे बघत असतील. फळीवर बघावं म्हणून मी वर पळालो. लहानमोठा करता येतो तो पाना बाबांनी नेलेला. खिळ्यावर त्यांचा एक नंबर. मोठी पक्कड बाबांनी नेलेली. खिळ्यावर एक नंबर. माझ्या तीन नंबरकडे मी बघितलंसुद्धा नाही. खाली आलो तर सेक्रेटरी सांगत होते, की बिल्डिंगची हत्यारांची अख्खी पेटी आहे, एकदम नवी, सगळे पाने आहेत. कुठे आहे? पंपाच्या खोलीत.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर चित्र दिसत होतं. बाबा येतायत, गॅलरीत जातायत, दहा नंबरचं भूत, त्याखाली आईचा बिल्ला. माझं सोडा रे, मला सवय होती. पण आईचा दोन नंबर माझ्यापायी अडकणार? आणि शनिवार तर गेलाच.

"एक मिनिट थांबा," दातवाले काका म्हणाले आणि जिन्याने वर गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात मखमल लावलेली पेटी होती. पेटी उघडली. आत दात उपटायच्या पक्कडींचा पूर्ण संच, लखलखीत. त्यातली सगळ्यात दणकट काढून त्यांनी मेकॅनिकच्या हातात दिली. "अक्कलदाढेची आहे. जपून."

मेकॅनिकने ती दोनदा उघडमीट केली. त्याचे डोळे चमकले. "काका, ही विकणार का?"

जॅक लागला, विटा लागल्या. इस्त्रीचा शर्ट म्हणून खाली काहीतरी अंथरायला हवं होतं, तर सेक्रेटरींनी स्वतः जुन्या नोटिसांचा गठ्ठा आणला. मेकॅनिक बरोबर 'सक्त मनाई'वर पाठ टेकून आत सरकला. आणि काका उकिडवे बसून सांगतायत, "ओढू नको! दाढ कधी ओढायची नाही. डावी-उजवीकडे हलव. आधी मूळ सैल कर... हां, आली बघ, आली!"

एकेक बोल्ट निघाला की गॅलऱ्यांतून टाळ्या. पाचवा फार हट्टी होता. काका म्हणाले, "याला भूल दिली असती तर बरं झालं असतं." सहावा निघाला आणि चार चाळीसला प्लेट खाली आली.

त्या प्लेटवर, वाळलेल्या पानांत आणि काळ्या तेलात, मधोमध तो लोहचुंबक बसला होता. त्याच्या अंगाला एका बाजूने दहा नंबर चिकटलेला, दुसऱ्या बाजूने जुडग्याची कडी, वर आरशाचा दांडा. पोरांना घेऊन बसलेल्या मांजरीसारखा दिसत होता. माझा पट्टा शेजारीच. सेक्रेटरींनी जुडगा ओढून काढला आणि ते पंपाकडे असे पळाले, की साठीच्या माणसाने पळू नये असा नियम असता तर तो तिथेच मोडला असता.

मेकॅनिक प्लेट झटकत म्हणाला, "हापण तुमचाच का?"

कोपऱ्यातून, चिखलात रुतलेलं काहीतरी त्याने उपसलं. पिवळी मूठ.

मी ते हातात घेतलं. अंगठ्याने पुसलं. एक आणि सात.

मी तिथेच, नोटिसांवर, खाली बसलो. अरे, अकरा वर्षं! आणि तुम्हाला आमच्या गाडीचा तो आवाज माहिती आहे ना? डावीकडे वळलं की घर्रर... टुक? बाबा सगळ्यांना सांगायचे, "प्रत्येक गाडीला एक स्वभाव असतो. ही वळताना बोलते." ती अकरा वर्षं हेच बोलत होती, की अहो, सतरा नंबर माझ्याकडे आहे!

आईने माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघितलं, मग बॉनेटकडे, मग पुन्हा स्क्रू ड्रायव्हरकडे. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे हसू आलं ना, ते मी याआधी फक्त एकदाच बघितलं होतं, आत्याचा केक फसला तेव्हा.

प्लेट बसली. दहा नंबरनेच बसवली. टर्मिनल आवळलं, आणि ते खरंच दोन मिनिटांचं काम होतं रे, मी घड्याळ लावून बघितलं. गाडी घुर्रर झाली. मेकॅनिक अत्तर आणि ग्रीस अशा संमिश्र वासाचा होऊन सासुरवाडीला गेला. मी पाना धुतला, पुसला, खिळ्याला लावला, आईचा बिल्ला तिला परत दिला. सतरा नंबरही लावायला निघालो तर आईने मनगट धरलं.

"तो माझ्याकडे दे. आत्ता नाही लावायचा."

साडेपाचला बाबा आले. सरळ गॅलरीत गेले. नेलेली हत्यारं एकेक करून लावली, स्वतःचे बिल्ले काढून घेतले. पंख्याचे तीन जुने स्क्रू खिशात होते, ते डबीत टाकायला तळहातावर घेतले, आणि सहज म्हणून दहा नंबर सरळ करायला हात पुढे केला. टिक्‌ टिक्‌ टिक्‌. तीनही स्क्रू उडी मारून पान्याला चिकटले.

बाबा वळले. "हा लोहचुंबक कधीपासून झाला?"

"कोण?" मी म्हटलं.

"दहा नंबर."

अशा माणसासमोर काय खोटं बोलणार? पाच मिनिटांत सगळं बाहेर काढलं त्यांनी. पाना कसा पडला, आरसा, नाडी, बारा-अ, अक्कलदाढ, सगळं. फक्त पिवळी मूठ मी गिळली, कारण दारात आई उभी होती आणि डोळ्यांनी मला दटावत होती.

बाबा खुर्चीवर बसले. आवाज चढवत नाहीत ते, तेच जास्त लागतं. "शनिवारी गाडी हवी होती ना तुला? विसर. बिल्ला कोणाचा लावलास? आईचा. मला वाटलं होतं, सतरा नंबरनंतर काहीतरी शिकला असशील. बिल्ला खोटं..."

"चहा," आई म्हणाली.

बाबांच्या हातात तिने कप दिला आणि समोर बशी ठेवली. बशीत दोन बिस्किटं, आणि त्यांच्या शेजारी, छान धुऊन पुसून, सतरा नंबर.

बाबांनी कप तोंडापर्यंत नेला होता. तो तिथेच राहिला. मग कप खाली ठेवला, स्क्रू ड्रायव्हर उचलला, नंबरावरून अंगठा फिरवला.

"कुठे होता?"

"गाडीत. खालच्या प्लेटवर," मी म्हटलं.

"तू गाडीत कशाला नेला होतास?"

"अहो!" आई म्हणाली. "सहावीतलं पोर ते. त्याला बॉनेट उचलत तरी होतं का? आणि तुम्ही कोणाला हात लावू देता का त्या बॉनेटला?"

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर परत बशीत ठेवला. मग फळीकडे बघत, अगदी हळू, "त्या आठवड्यात मी एअर फिल्टर साफ केला होता. त्याला चार स्क्रू असतात... हत्यार खिळ्यावरच होतं. बिल्लाही होता, याचा. मला वाटलं, काढायचा राहिलाय. म्हटलं, जाऊ दे, लगेच तर आणून ठेवायचाय, माझा कशाला लावू..."

"किती वेळाचं काम होतं?" आईने विचारलं.

बाबांनी मान खाली घातली. "दोन मिनिटांचं."

अरे, टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस, आणि बिल्ला न लावता हत्यार! मला वाटलं होतं, हा क्षण आला की मी गॅलरीत नाचेन. अकरा वर्षं भाषण तयार होतं माझं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता ना, की मी एवढंच म्हटलं, "चहा गार होतोय, बाबा."

"आणि तो गाडीचा आवाज..." बाबा म्हणाले.

"स्वभाव," आई म्हणाली आणि बिस्किट उचललं.

बाबा उठले. त्या खिळ्यावरून माझा तीन नंबर काढला. हिरवा पडला होता. फडक्याने घासून घासून चकचकीत केला आणि माझ्या हातावर ठेवला. मग सतरा नंबर जागेवर लावला, आणि त्याच्यावर, कोणी काही म्हणायच्या आत, स्वतःचा एक नंबर अडकवला. नियम म्हणजे नियम. आई म्हणाली, अकरा वर्षं राहू दे. शेवटी तडजोड होऊन अकरा दिवसांवर आलं.

हो रे, सांगतो, सांगतो! सोमवारी सकाळी बघतो तर फळीच्या खालच्या कोपऱ्यात एक नवा खिळा, आणि खिळ्याभोवती ओल्या काळ्या रंगात काढलेली आकृती. गाडीच्या किल्लीची! बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "रंग वाळायला दोन दिवस लागतील. शनिवारपर्यंत काही अडचण नाही. बिल्ला लावून ने."

तर गाडी मिळाली. सकाळी सहाला निघायचं. आणि बॉनेटला कोणी हात लावायचा नाही, लंब्या, तू तर त्या बाजूला उभाच राहू नकोस.

पण खरी गंमत आज सकाळची. मी ऑफिसला निघालो होतो, तर बाबा गॅलरीत. फळीसमोर, हात मागे बांधून, इकडून तिकडे, तिकडून इकडे. अजून आठ दिवस त्यांना काही मिळणार नाही ना! मी बूट घालेपर्यंत त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. मग घसा खाकरला.

"घाईत आहेस का?"

"का हो बाबा?"

"नाही, म्हटलं... तुझ्या बिल्ल्यावर जरा दहा नंबर काढून देतोस का?"

"कशाला हवाय?"

बाबांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "काही नाही रे. दोन मिनिटांचं काम आहे."